समुद्रापासून चारशे किलोमीटरवर समुद्र कसा शिकवावा?

आपण लिहिले आहे की आपली शाळा गंगाखेड तालुक्यात जिल्हा परिषदेची आहे, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षभर चालणारा समुद्रविज्ञानाचा उपक्रम आपल्याला करायचा आहे, मुलांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नाही, शाळेत मत्स्यालय नाही, प्रोजेक्टर बंद पडलेला आहे आणि आपला स्वतःचा विषय मराठी आहे. आपण विचारले आहे की सुरुवात चित्रफितींपासून करावी, की वर्गणी काढून मुलांना एकदा कोकणात न्यावे. मी समुद्रजीवशास्त्र शिकलो, काही वर्षे किनाऱ्यावर काम केले आणि त्यानंतरचा बराच काळ नांदेड, परभणी, लातूर या जिल्ह्यांतील शिक्षकांबरोबर हाच विषय शाळांमधून शिकवण्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो की या दोन्हींपैकी कशानेही सुरुवात करू नये.

चित्रफितीत मुले प्रवाळ, शार्क आणि देवमासे पाहतात, थक्क होतात आणि तास संपला की समुद्र त्यांच्यासाठी पुन्हा परग्रहाइतका दूर जातो. अंतर ही मला खरी अडचण वाटत नाही. समुद्राशी आपला काही संबंध आहे, त्याच्याबद्दल आपणही काही मोजू शकतो आणि काही विचारू शकतो, हे मुलाला वाटत नाही, ही खरी अडचण आहे. गंगाखेड अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे चारशे किलोमीटरवर असले, तरी तिथला पाऊस समुद्रातून येतो, तिथली नदी समुद्राला मिळते आणि तिथल्या प्रत्येक घरात समुद्रातली एखादी तरी वस्तू असते. उपक्रमाचा पाया या तीन गोष्टींवर घालावा.

अर्थात काही बाबी परिस्थितीवर अवलंबून राहतील. आपल्या शाळेत ऊसतोड कामगारांची मुले असतील तर ती दिवाळीच्या आगेमागे पालकांबरोबर कारखान्यांकडे जातात आणि त्यातली बरीच उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. अशा वेळी उपक्रमाचा गाभा जून ते ऑक्टोबर या महिन्यांतच बसवावा लागतो, नाहीतर ज्या मुलांना शाळेची ओढ लागण्याची सर्वाधिक गरज आहे तीच नेमकी गळतात. तांड्यावरची मुले गोरमाटी बोलत असतील, काही घरी दखनी बोलत असतील, तर पहिले काही आठवडे लिखाणापेक्षा हाताने करण्याच्या गोष्टी जास्त ठेवाव्यात. विज्ञानाचे शिक्षक सोबत आहेत की नाहीत, यानेही फरक पडतो, पण आपण समजता तितका नाही.

सुरुवात पावसापासून करावी, आणि शक्य असल्यास मृग लागण्याआधी तयारी पूर्ण करावी. प्लास्टिकच्या सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवला की पर्जन्यमापक तयार होतो. मात्र अशा बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून आधी खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरावे, तिथे शून्याची खूण करावी आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. हे न केल्यास पहिल्या दिवसापासून सगळे आकडे चुकतात. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरला जातो आणि त्यामुळे आपले आकडे तालुक्याच्या आकड्यांशी पडताळून पाहता येतात. पावसाच्या आकड्यासोबत वाऱ्याची दिशा लिहावी आणि मोबाइलवर हवामान विभागाच्या संकेतस्थळावरील उपग्रहाचे चित्र पाहून ढगांचा मोठा पुंजका कुठे आहे, हे भारताच्या कोऱ्या नकाशावर पेन्सिलीने दाखवावे. एवढेच काम, पण ते रोज झाले पाहिजे.

दोन-अडीच महिन्यांच्या नोंदी जमल्या की मुलांच्या लक्षात येऊ लागते की अरबी समुद्रावरून येणारा वारा रोज वाहत असला तरी आपल्याकडे रोज पाऊस पडत नाही. सह्याद्रीवर चढताना त्या वाऱ्यातील बरेचसे पाणी पडून जाते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी तो साधारण सहाशे ते नऊशे मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. आपल्याकडचे दमदार पाऊस, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमधले, पुष्कळदा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे येतात. परभणीच्या मुलाने नकाशावर हे स्वतः रेखाटले की विशाखापट्टणमजवळचा समुद्र आपल्या सोयाबीनशी जोडलेला आहे, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

इथे एक सावधगिरी मनापासून सुचवतो. पाऊस आणि समुद्र यांचा संबंध मुलांना कळू लागला की एल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याचा विषय निघतोच, आणि मोठ्या माणसांनाही तो एका ओळीत संपवण्याचा मोह होतो. 2015 मध्ये प्रबळ एल निनो होता आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु 1997 चा एल निनो तितकाच गाजलेला असूनही त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस साधारण सरासरीइतका झाला होता. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातील फरकाचाही मोसमी पावसावर परिणाम होतो, आणि हा फरक शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये स्पष्टपणे मांडला. शिवाय पाणीटंचाई केवळ पावसाने ठरत नाही. आधीचे वर्ष कसे गेले, उपसा किती झाला आणि पिके कोणती घेतली, यांचाही त्यात वाटा असतो. एल निनोमुळे दुष्काळाची शक्यता वाढते, तो ठरून जात नाही, एवढे वाक्य मुलांच्या मनात नीट बसले तरी फार मोठे काम झाले.

दुसरा धागा नदीचा. आपल्या गावची गंगा, म्हणजे गोदावरी, त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे, आणि तरीही ही नदी पाठ फिरवून 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. असे का, हा प्रश्न आपण फळ्यावर लिहून दोन दिवस तसाच ठेवावा. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला आणि पठाराचा उतार पूर्वेला, हे उत्तर मुलांनी उठावाच्या नकाशावर बोट फिरवून शोधले तर ते टिकते. पुढे राजमहेंद्रीनंतरचा त्रिभुज प्रदेश आणि काकीनाड्याजवळचे कोरिंगाचे खारफुटी जंगल नकाशात दाखवावे. आपल्या काळ्या मातीचा गाळ तिथे पोचत आला आहे. गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांवरून शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पठारावरील गेल्या हजारो वर्षांतील ओल्या-कोरड्या काळाचा इतिहास वाचला आहे. समुद्राच्या तळाशी आपल्या शेतांची नोंदवही आहे, हे ऐकताना आठवीची मुले किती शांत होतात, ते आपण स्वतः पाहालच.

प्लास्टिकबद्दल बोलताना मात्र घाई करू नये. गंगाखेडच्या घाटावर टाकलेली पिशवी उद्या समुद्रात कासवाच्या पोटात जाईल, असे सांगणे परिणामकारक वाटले तरी ते प्रामाणिक नाही. वाटेत विष्णुपुरी आहे, बाभळी आहे, तेलंगणातील श्रीरामसागर आहे. धरणे बरेच काही अडवतात, आणि ती गाळही अडवतात, त्यामुळे त्रिभुज प्रदेशाला पूर्वीइतका गाळ मिळत नाही आणि तिथला किनारा काही ठिकाणी मागे हटतो आहे. मुलांना भीती दाखवण्यापेक्षा ही खरी, थोडी गुंतागुंतीची गोष्ट सांगावी. ती त्यांना झेपते.

आता प्रयोगांकडे वळतो. समुद्राच्या पाण्यात अंडे तरंगते, असे दाखवण्याचा प्रयोग जवळजवळ प्रत्येक शाळेत होतो आणि तो बहुधा चुकीच्या प्रमाणात होतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. किराणा दुकानातून 35 ग्रॅम मीठ तोलून आणावे, एक लीटर पाण्यात विरघळवावे आणि ताजे अंडे सोडावे. ते बुडते. तरंगण्यासाठी साधारण तिप्पट किंवा त्याहून थोडे जास्त मीठ लागते, आणि आपण एरवी मुठीने मीठ टाकत असल्यामुळे ते तरंगलेले दिसते. अंडे चालत नसेल तिथे बटाटा घ्यावा, त्यालाही बरेच मीठ लागते. अंडे बुडाले म्हणून प्रयोग फसला असे मानू नये, कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अगदी थोडेच जड असते, हे मुलांना तिथेच कळते.

मग तो थोडासा फरक काय करू शकतो, हे दाखवावे. काचेची रुंद बरणी घेऊन ती या 35 ग्रॅमच्या पाण्याने अर्धी भरावी आणि त्यात निळ्या शाईचे दोन थेंब टाकून ढवळावे. मीठ जाडे वापरावे. बारीक मिठात ते मोकळे राहावे म्हणून जी भुकटी मिसळलेली असते तिने पाणी किंचित गढूळ होते. पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर पळीतून, बरणीच्या भिंतीला टेकवून, साधे पाणी अगदी सावकाश सोडावे. हात थरथरला तर प्रयोग बिघडतो, म्हणून हे काम ज्या मुलीचा हात स्थिर आहे तिला द्यावे. नीट जमले तर खाली निळे आणि वर स्वच्छ असे दोन थर दिसतात आणि त्यांच्यामधली रेघ कितीतरी वेळ टिकते. वरून हळूच फुंकर मारली तर वरचा थर हलतो, खालचा जागेवरच राहतो.

बंगालच्या उपसागरात हेच घडते. गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा सर्वांत मोठा, पण गोदावरी, महानदी, कृष्णा यांचेही पाणी त्यात येते, आणि पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता, म्हणजे एक किलो पाण्यातील क्षारांचे ग्रॅम, 30 च्याही खाली उतरते, तर अरबी समुद्रात ती 36 च्या आसपास असते. वरचा हलका थर वाऱ्याने सहजी खाली मिसळत नाही, त्यामुळे उष्णता वरच राहते आणि त्या उबदार पृष्ठभागावर कमी दाबाची क्षेत्रे व चक्रीवादळे पोसली जातात. आणि त्या कमी दाबाच्या क्षेत्रांची खूण तर मुलांनी आधीच आपल्या नकाशावर केलेली असते. माझ्या मते वर्षभरातला हा सर्वांत महत्त्वाचा तास आहे. त्याला दोन तासिका लागल्या तरी द्याव्यात.

याच पाण्याला आणखी एक जोड देता येते. गावात फिल्टरच्या पाण्याचे जार विकणाऱ्याकडे टीडीएस, म्हणजे एक लीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मिलिग्रॅममध्ये, मोजण्याचे पेनाएवढे यंत्र असते. ते तासाभरासाठी मागून आणावे. साध्या यंत्राची मर्यादा बहुधा दहा हजारांच्या आत असते, त्यामुळे समुद्राइतके खारट पाणी ते मोजू शकत नाही. मुलांना विचारावे की मग कसे मोजायचे. कोणीतरी पाणी पातळ करायला सुचवतेच. एक भाग खारे पाणी आणि नऊ भाग शुद्ध पाणी घेतले की आकडा साडेतीन हजारांऐवजी तीन हजारांच्या आसपास येतो, कारण ही यंत्रे क्षार थेट मोजत नाहीत, विद्युतवाहकतेवरून अंदाज करतात. त्यानंतर बोअरचे, आडाचे आणि नदीचे पाणी मोजावे. पिण्याच्या पाण्यासाठी 500 ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 ही कमाल, हे भारतीय मानक सांगावे. बोअरच्या पाण्याचा आकडा पाहून पालकही शाळेत चौकशीला येतात, आणि समुद्राचा विषय गावात शिरण्याचा हा फार चांगला दरवाजा आहे.

तिसरा धागा घरातल्या वस्तूंचा. मुलांना सांगावे की घरात किंवा बाजारात समुद्रातले काय सापडते ते शोधून यावे. मीठ सगळ्यांना सुचते. देवघरातला शंख, बासुंदीच्या दुकानातला चायना ग्रास म्हणजे समुद्रशैवालापासून बनलेला अगर, काष्टौषधीच्या दुकानातला समुद्रफेस, आठवडी बाजारातले सुकट-बोंबील, अशी यादी वाढत जाते. समुद्रफेस पुष्कळांना गोठलेला फेसच वाटतो. तो माकुळाच्या (स्क्विडच्या) जातीच्या प्राण्याच्या शरीरातला आतला शिंपला असतो. पाण्यात टाकला तर तो तरंगतो, आणि मोडून भिंगाखाली पाहिला तर कागदासारखे पातळ थर आणि त्यांच्यामधले पोकळ कप्पे दिसतात. त्या कप्प्यांतील वायू आणि द्रव यांचे प्रमाण बदलून तो प्राणी पाण्यात वर-खाली होतो. सुकट म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेला जवळा. पांढऱ्या कागदावर चार-पाच दाणे ठेवून भिंगाने पाहिले की काळे टपोरे डोळे, लांब मिशा आणि खंडाखंडांचे अंग दिसते, आणि ओढ्यातला खेकडा पकडणारे मूल लगेच ओळखते की हा आपल्या खेकड्याचाच नातेवाईक आहे. काही घरांत मासळी चालत नाही. तिथे आग्रह अजिबात करू नये. त्या मुलांना शंख किंवा समुद्रफेस द्यावा.

आपल्या भागासाठी सर्वांत जिव्हाळ्याची वस्तू मात्र तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आहे. कवडी ही उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात राहणाऱ्या गोगलगायीचे घर आहे. जिवंतपणी तिच्या अंगाची मऊ पातळ घडी दोन्ही बाजूंनी वर येऊन कवचाला झाकून टाकते, म्हणूनच कवडीवर इतर शिंपल्यांसारखा खरखरीतपणा नसून झळाळी असते. पूर्वी मालदीवमधून आलेल्या कवड्या चलन म्हणून वापरल्या जात. एखाद्या मुलाच्या घरी आराधीपण असेल तर त्याच्या आजीला सन्मानाने वर्गात बोलवावे, माळेबद्दल त्यांनाच सांगू द्यावे आणि ती माळ देवीची आहे याचे भान राखून, ती हाताळायची परवानगी त्यांनी दिली तरच हाताळावी. प्रयोगासाठी सुट्या कवड्या बाजारात मिळतात.

इतिहासाच्या शिक्षकांना यात सामील करायचे असेल तर धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि गोदावरीकाठचे पैठण ही दोन नावे पुरेशी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथून गाड्यांवर माल लादून भडोचच्या बंदरात नेला जात असल्याचा उल्लेख आहे. तेरहून कापड जाई. ती जहाजे मोसमी वाऱ्यांवरच येत-जात असत, म्हणजे गोष्ट फिरून आपल्या पर्जन्यमापकापाशी येते. तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय एका दिवसाच्या सहलीत पाहून होते आणि त्यासाठी कोकणाएवढा खर्च येत नाही.

गावकऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रम घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. भाषण ठेवू नये. ग्रामपंचायतीच्या फळ्याशेजारी मुलांचा पावसाचा तक्ता लावावा आणि तो रोज भरावा. लोक थांबतात, वाचतात, विचारतात. ते उद्या पाऊस पडेल का, असे विचारतील तेव्हा मुलांनी हवामान विभागाचा अंदाज वाचून दाखवावा, स्वतःचा अंदाज सांगू नये. कोणाची पेरणी त्या एका वाक्यावर अवलंबून असू शकते.

आता सहलीबद्दल. ती जरूर न्यावी, पण वर्षाच्या शेवटी, मुलांच्या वहीत किनाऱ्यावर जाऊन पाहण्याचे प्रश्न जमल्यावर. ऑक्टोबरनंतरच जावे, पावसाळ्यात कोकणच्या समुद्राजवळ मुलांना नेऊच नये. तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस निवडावा आणि मोठ्या ओहोटीच्या तासभर आधी खडकाळ किनाऱ्यावर पोचावे. रात्रभर प्रवास करून ऐन भरतीला पोचलेल्या मुलांना फक्त पाणी दिसते, खडकांवरचे जीवन दिसत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हेही मुलांनी आधी कागदावर काढलेले असावे. आपल्या मुलांना नदीत पोहता येत असले तरी समुद्राची ओढ वेगळी असते, त्यामुळे घोट्यापेक्षा खोल पाण्यात कोणीही जायचे नाही, हा नियम शिक्षकांसह सर्वांना लागू ठेवावा. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवावा, आणि जिवंत प्राणी किंवा प्रवाळ सोबत आणू नये. प्रवाळांना आणि काही शंखांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. रत्नागिरीला गेलात तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय पाहावे.

कोकण जमलेच नाही तर निराश होण्याचे कारण नाही. भारताला त्सुनामीचा इशारा देणारे केंद्र 2007 पासून हैदराबादमध्ये, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या आपल्यासारख्याच पठारावरच्या शहरात चालते. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या त्या संस्थेतूनच मच्छीमारांना मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची माहिती दिली जाते. परभणीहून हैदराबादला थेट रेल्वे आहे. भेटीची परवानगी मिळेल की नाही हे आधी पत्र लिहून विचारावे लागेल.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, की मराठीच्या शिक्षकाने हे शिकवणे योग्य आहे का. मुले असे प्रश्न विचारतील ज्यांची उत्तरे मलाही शोधावी लागतील, तेव्हा पदवीचा उपयोग मर्यादितच आहे. वर्गात एक स्वतंत्र वही ठेवावी, अनुत्तरित प्रश्न मुलांच्या शब्दांत तारखेसह तिच्यात लिहावेत आणि दर दोन महिन्यांनी त्यांपैकी तीन-चार निवडून गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे किंवा हैदराबादच्या केंद्राकडे पाठवावेत. नेमकेपणाने प्रश्न विचारणारे, अनावश्यक शब्द नसलेले पत्र कसे लिहावे, हे मुलांना आपल्याइतके चांगले कोण शिकवणार? पत्रासोबत आपल्या पावसाच्या नोंदींची प्रत जोडावी आणि पर्जन्यमापक कुठे, किती उंचीवर, झाडापासून किती अंतरावर ठेवला आहे, तेही लिहावे, कारण शास्त्रज्ञ त्या आकड्यांकडे पाहण्याआधी हेच विचारतील.